रँडी न्यूमन यांचा ‘हार्प्स अँड एंजल्स’: काही महिने ऐकल्यानंतर

अमेरिकन गायक-गीतकार रँडी न्यूमन यांचा हा अल्बम ऑगस्ट २००८ मध्ये आला, तेव्हा त्यांचे वय ६४ होते. दहा गाण्यांचा हा अल्बम सुमारे ३५ मिनिटांचा असून ठाण्याहून जलद लोकल मिळाली तर दादरच्या आसपास तो संपतो, त्यामुळे गेले काही महिने मी तो बहुधा सलगच ऐकत आलो आहे. उतारवय आणि उतरणीला लागलेला देश हे त्याचे दोन विषय आहेत, आणि दोन्हींवर बोलणारा म्हातारा एकच वाटतो: बडबड्या, धूर्त आणि स्वतःविषयी फारसा भ्रम नसलेला.

‘अ फ्यू वर्ड्स इन डिफेन्स ऑफ अवर कंट्री’ हे गाणे सर्वाधिक गाजले. जानेवारी २००७ मध्ये त्याचे शब्द ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने लेख म्हणून छापले, मात्र सर्वोच्च न्यायालयावरचे कडवे वगळून. आमचे राज्यकर्ते वाईट खरे, पण रोमन सीझर, स्पेनमधील धर्मन्यायालये किंवा काँगो लुटणारा बेल्जियमचा राजा लिओपोल्ड यांच्यापुढे ते किरकोळच, असा त्यातला युक्तिवाद आहे. आपल्या साहित्यशास्त्रातील व्याजस्तुतीचे, म्हणजे स्तुतीच्या आडून केलेल्या निंदेचे, इतके चपखल उदाहरण मी गाण्यात क्वचितच ऐकले आहे. बचाव जितका सौम्य, तितका आरोप जहरी होत जातो आणि सोबतची चाल मात्र निवांत राहते.

तरीही वारंवार ऐकल्यावर राजकीय गाण्यांपेक्षा ‘पॉटहोल्स’ अधिक टिकले. लहानपणी बेसबॉलच्या सामन्यात झालेली गायकाची फजिती त्याचे वडील सुनेसमोर रंगवून सांगतात, म्हणून आठवणींच्या वाटेवरील खड्ड्यांचे, म्हणजे विस्मरणाचे, आभार मानणारे हे गाणे आहे. (घोडबंदर रस्त्यावरून नित्य जाणाऱ्याला खड्ड्यांविषयी ही कृतज्ञता जड जाते.) शीर्षकगीतात रस्त्यात कोसळलेल्या नायकाला वरून सांगितले जाते की कारकुनी चूक झाली, परत जा, मृत्यूच्या दारातून परतलेला हा मनुष्य शेवटी मित्रांना चक्क प्यायला बोलावतो. ‘लूझिंग यू’मध्ये मात्र उपहास अजिबात नाही. या वयात हे दुःख ओसरायला आयुष्य पुरणार नाही, एवढेच ते सांगते, आणि तंतुवाद्यांचा मेळ अश्रू न मागता सोबत करतो.

‘कोरियन पेरेंट्स’ मला अजूनही खटकते. आळशी अमेरिकन मुलांना कडक कोरियन आईबाप विकण्याची कल्पना, क्लासच्या पाट्यांनी भरलेल्या आमच्या शहरात फार विनोदी वाटत नाही. शिवाय एका समाजाविषयीच्या साच्यावर ते अधिकच विसंबते. ‘ओन्ली अ गर्ल’ विस्मरणीय आहे. शेवटचे ‘फील्स लाइक होम’ १९९५ च्या ‘फाउस्ट’ या न्यूमन यांच्याच संगीतिकेच्या अल्बममधले असून तेथे ते गायिका बॉनी रेट यांनी गायले होते, न्यूमन यांच्या घोगऱ्या आवाजात ते गोड लागते, पण या अल्बमला त्याची गरज नव्हती, आणि मी हल्ली बहुधा नवव्या गाण्यानंतर थांबतो.