चिवावा 1986 की बाहा कॅलिफोर्निया 1989?

एकपक्षीय वर्चस्वावर लघुशोधप्रबंध लिहू पाहणारा विद्यार्थी मेक्सिकोकडे वळला, की बहुधा या दोन गव्हर्नर-निवडणुकांपाशी अडतो. (आपल्या राज्यपालाशी गल्लत करू नये, तिथला गव्हर्नर थेट मतदारांनी निवडलेला असतो आणि अधिकारांनी आपल्या मुख्यमंत्र्याच्या जवळचा.) 1929 साली स्थापन झालेल्या सत्ताधारी पक्षाने, म्हणजे आजच्या पीआरआयने, साठ वर्षे हे पद एकाही राज्यात विरोधकांना मिळू दिले नव्हते.

चिवावात मात्र 1983 सालीच राज्याची राजधानी आणि स्युदाद ह्वारेस ही दोन्ही महापौरपदे पॅन या विरोधी पक्षाने जिंकली होती, त्यामुळे 1986 मध्ये पीआरआय सावध होता. त्याचे फर्नांदो बाएसा विजयी घोषित झाले. पॅनचे फ्रान्सिस्को बारिओ पराभूत. मतदारयादीतून गायब झालेली नावे, केंद्राबाहेर ठेवलेले प्रतिनिधी, मतदानाआधीच भरलेल्या पेट्या, अशा तक्रारी झाल्या. घडी घालून एकदम पेटीत सरकवलेल्या मतपत्रिकांच्या गठ्ठ्याला मेक्सिकन मतदार ‘टाको’ म्हणतात, यावरून ही सवय किती मुरलेली होती ते कळावे. राजधानीचे महापौर लुईस आल्वारेझ यांनी दीर्घ उपोषण केले. आर्चबिशपांनी निषेधार्थ एका रविवारची मिस्सा (चर्चमधील सामुदायिक उपासना) बंद ठेवण्याचे जाहीर केले, तेव्हा सरकारने थेट व्हॅटिकनमार्फत ते थांबवले. वर्चस्व निकालापलीकडे कोणकोणत्या दारांतून चालते, हे याहून उघडे क्वचितच दिसते.

बाहा कॅलिफोर्नियात 2 जुलै 1989 रोजी पॅनचे एर्नेस्तो रुफो यांनी पीआरआयच्या मार्गारिता ओर्तेगा यांचा पराभव केला आणि पीआरआयचे अध्यक्ष लुईस दोनाल्दो कोलोसिओ यांनी तो जाहीरपणे मान्य केला. निकाल ऐतिहासिक खरा; पण 1988 च्या वादग्रस्त राष्ट्राध्यक्षीय निवडणुकीनंतर पीआरआयचेच राष्ट्राध्यक्ष सालिनास यांना प्रतिष्ठेची गरज होती, हे विसरून त्याकडे निव्वळ मतपेटीचा विजय म्हणून पाहणे भाबडेपणाचे ठरेल. त्याच दिवशी मिचोआकान राज्यातील विधिमंडळाच्या निवडणुकीत डाव्या विरोधकांच्या वाट्याला अशी दिलदारी आली नाही.

वर्चस्व टिकते कसे, हा प्रश्न असेल तर माझा कौल निःसंशय चिवावाला. शिवाय चिवावाच्या तक्रारींवरचा आंतर-अमेरिकी मानवाधिकार आयोगाचा 1990 चा निर्णय इंग्रजीतही उपलब्ध असल्याने स्पॅनिश कच्चे असलेल्यालाही काम सुरू करता येते. वर्चस्व सैल कसे पडते, हे शोधायचे असेल तर बाहा घ्यावे, मात्र मग मिचोआकान सोबत जोडावेच लागेल आणि पृष्ठमर्यादा सांभाळताना दमछाक होईल.