मँचेस्टर युनायटेड, हंगाम २०२४-२५: ऑगस्ट ते मे पाहिल्यानंतरचा सविस्तर अनुभव

आधी आकडे, कारण त्यांच्यापुढे मतं लहान पडतात. ३८ सामने, ११ विजय, ९ बरोबरी, १८ पराभव, ४२ गुण, पंधरावा क्रमांक. ४४ गोल केले, ५४ खाल्ले. प्रीमियर लीग सुरू झाल्यापासून या क्लबची याहून वाईट कामगिरी झालेली नाही. याआधीचा नीचांक ५८ गुणांचा होता, २०२१-२२ चा. १९७३-७४ मध्ये संघ खालच्या विभागात फेकला गेला होता, त्यानंतर इतका खालचा क्रमांक कधी आला नव्हता.

या अपयशाचं खापर कधी आधीचा प्रशिक्षक एरिक टेन हागवर, कधी त्याच्या जागी आलेल्या रुबेन आमोरिमवर, कधी एखाद्या खेळाडूवर फुटतं. हंगामभर संघ नीट पाहिल्यावर माझं मत पक्कं झालंय की सगळ्यात मोठी चूक निर्णयांच्या क्रमात होती, आणि तो क्रम मैदानावर ठरत नाही.

मे २०२४ मध्ये मँचेस्टर सिटीला २-१ हरवून एफए कप जिंकला, पण लीगमध्ये आठवा नंबर आला होता. व्यवस्थापनाने दुसऱ्या प्रशिक्षकांची चाचपणी केली आणि शेवटी जुलैत टेन हागचाच करार २०२६ पर्यंत वाढवला. मग सुमारे २० कोटी पौंड खर्च करून त्याच्या पद्धतीला लागणारी माणसं आणली: झिर्कझी, योरो, डे लिख्ट, मझरावी, उगार्ते. २८ ऑक्टोबरला, वेस्ट हॅमकडून २-१ हरल्याच्या दुसऱ्या दिवशी, त्यालाच काढलं. तेव्हा ९ सामन्यांत ११ गुण होते. त्याच्या जागी आणला तो आमोरिम, ज्याचा सगळा खेळ ३-४-२-१ वर उभा आहे. म्हणजे खरेदी चार जणांच्या बचावफळीसाठी आणि प्रशिक्षक तीन जणांच्या. आमोरिमला स्वतःला हंगाम संपल्यावर यायचं होतं, पण त्याला आता नाही तर कधीच नाही असं सांगण्यात आलं. ज्यांच्या देखरेखीखाली उन्हाळ्याची खरेदी झाली, ते क्रीडा संचालक डॅन अ‍ॅशवर्थही जुलैत रुजू होऊन डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यानंतर बाहेर पडले. टेन हाग आणि त्याच्या सहकाऱ्यांना काढण्याचा खर्च १.०४ कोटी पौंड, अ‍ॅशवर्थचा ४१ लाख. एकूण १.४५ कोटी पौंड, तेही सहा महिन्यांत.

दुसरीकडे, त्याच हंगामात, अडीचशे कर्मचाऱ्यांना घरी पाठवलं आणि फेब्रुवारीत आणखी दोनशेपर्यंत जागा कमी करणार म्हणून जाहीर केलं. नोव्हेंबरच्या शेवटी उरलेल्या घरच्या सामन्यांची सदस्य तिकिटं सरसकट ६६ पौंडांवर नेली. लहान मुलांना सवलत नाही, ज्येष्ठांना नाही. पिढ्यान् पिढ्या ओल्ड ट्रॅफर्डला जाणाऱ्या घरांना हे फार लागलं. त्यांचा राग रास्त आहे असंच मी म्हणेन. मार्चमध्ये आर्सेनलविरुद्धच्या सामन्याआधी लोक काळे कपडे घालून मोर्चाने आले, तो राग २००५ पासून साचत आलेला आहे. ग्लेझर कुटुंबाने क्लब विकत घेतला तेव्हा त्या खरेदीसाठीचं कर्ज क्लबच्याच डोक्यावर टाकलं गेलं. जिम रॅटक्लिफ यांनी २०२४ मध्ये हिस्सा घेऊन फुटबॉलचा कारभार हातात घेतला, पण मतांचं बहुमत ग्लेझरांकडेच राहिलं.

आता मैदानावर येऊ. ३-४-२-१ मध्ये काय लागतं ते एकदा समजलं की हंगामातले निम्मे पराभव आपोआप उलगडतात. मागे तिघे, त्यांच्यापुढे मध्यात फक्त दोघे, दोन्ही बाजूंना विंग-बॅक, स्ट्रायकरच्या मागे दोन ‘दहा नंबर’, म्हणजे हल्ला रचणारे. विंग-बॅकने पूर्ण बाजू एकट्याने धावायची असते: चेंडू आपल्याकडे असताना तो विंगर (बाजूने हल्ला करणारा) आणि प्रतिस्पर्ध्याकडे असताना पाचवा बचावपटू. मधल्या दोघांनी दोन्ही बाजूंचं अंतर भरून काढायचं. आणि गोलरक्षकाला पायाने खेळता आलं पाहिजे, कारण प्रतिस्पर्धी माणसाला माणूस लावून दाबायला आले की सुटका करणारा तोच उरतो.

युनायटेडकडे यातलं काय होतं? उजवीकडे आमाद होता, आणि तो हंगामाचा सगळ्यात सुखद भाग ठरला. पण तो मुळात विंगर, आणि फेब्रुवारीत घोट्याच्या दुखापतीने बराच काळ बाहेर गेला. डावीकडे तर खरा विंग-बॅकच नव्हता. ल्यूक शॉ जखमी, म्हणून उजव्या पायाच्या डालोला डावीकडे लावलं. तो चेंडू घेऊन कोपऱ्याकडे जायचा, थांबायचा, उजव्या पायावर घेण्यासाठी आत वळायचा. तेवढ्या वेळात समोरची बचावफळी जागेवर यायची आणि क्रॉसला, म्हणजे बाजूने आत मारलेल्या चेंडूला, अर्थ उरायचा नाही. हे दर सामन्यात चार-पाचदा तरी दिसायचं. जानेवारीत लेच्चेहून डोर्गू आणला. मेहनती आहे, पण अवघ्या विशीतला मुलगा, आणि पूर्ण बाजूचा भार लगेच त्याच्यावर.

३० डिसेंबरचा न्यूकॅसलविरुद्धचा घरचा सामना मात्र ज्यांना हा आजार एकाच ठिकाणी पाहायचा असेल त्यांनी पुन्हा बघावा. मध्यात कासेमिरो आणि एरिक्सन, दोघंही ३२ वर्षांचे. समोर गिमरेंश, टोनाली आणि जोएलिंटन असे तिघं. तीनाला दोन हे गणितच चुकीचं, त्यात वेगाचा फरक. कासेमिरो एकाकडे सरकला की दुसरा मोकळा. एरिक्सन झाकायला गेला की मधून रस्ता उघडा. चौथ्या मिनिटाला इसाक, एकोणिसाव्याला जोएलिंटन, दोन्ही गोल क्रॉसवर हेडरने. तेहेतिसाव्या मिनिटाला आमोरिमने झिर्कझीला बाहेर काढून मेनूला मध्यफळीत आणलं, तेव्हा कुठे खेळ जरा सावरला. झिर्कझी बाहेर जाताना घरच्याच प्रेक्षकांनी टाळ्या वाजवून जल्लोष केला, ते मात्र मनाला पटत नाही. चूक रचनेची होती आणि शिक्षा त्या पोराला झाली.

इथे आमोरिमलाही जबाबदार धरायला हवं. खेळाडू आपले नाहीत हे मान्य. पण मध्यात दोघं पुरत नाहीत हे डिसेंबरमध्येच दिसल्यावरसुद्धा त्याने रचना जवळपास बदललीच नाही. पद्धत ठसवायची तर सराव हवा, आणि गुरुवारी युरोपा लीग (युरोपातली दुसऱ्या फळीची क्लब स्पर्धा), रविवारी प्रीमियर लीग अशा वेळापत्रकात सरावाला दिवस उरत नाहीत, हे त्याचं म्हणणं खरं आहे. तरीही लीगमधल्या २७ सामन्यांत ७ विजय आणि २७ गुण, ही त्याची वही. त्या सातपैकी तीन विजय साउदॅम्प्टन, इप्सविच आणि लेस्टर या खाली गेलेल्या संघांवरचे. सलग दोन लीग सामने त्याला एकदाही जिंकता आले नाहीत. मार्चमध्ये लेस्टरला हरवल्यानंतर शेवटच्या दिवशी व्हिलाला हरवेपर्यंत मधल्या आठ सामन्यांत फक्त दोन गुण मिळाले.

सेट-पीसचं, म्हणजे कॉर्नर आणि फ्री किकचं, दुखणं वेगळं सांगायला हवं. डिसेंबरमध्ये आर्सेनलने दोन्ही गोल कॉर्नरवर केले. तीन दिवसांनी फॉरेस्टच्या मिलेंकोविचने दुसऱ्याच मिनिटाला कॉर्नरवर हेडर मारला. लीग कपमध्ये टॉटनहॅमच्या सोनने कॉर्नर थेट जाळ्यात घातला. त्यानंतर बोर्नमथच्या हाउसनने फ्री किकवर डोकं लावलं. आणि २६ तारखेला वुल्व्हजच्या कुन्यानेही कॉर्नर सरळ आत टाकला. आठवडाभरात दोन कॉर्नर कोणाचाही स्पर्श न होता गोलात जाणं हा योगायोग नसतो. प्रतिस्पर्धी दोन-तीन जण गोलरक्षकाला चिकटवून उभे करायचे आणि चेंडू आत वळवून जवळच्या खांबाकडे मारायचे. त्यांना ढकलून गोलरक्षकासाठी जागा करून देणारा माणूसच नेमलेला नसायचा. सगळे आपापली जागा धरून उभे, आणि गोलरक्षकाला उडी मारायला हात पसरण्याएवढीही मोकळीक नाही.

गोलरक्षक ओनानाबद्दल बोलायचं तर पायाने तो चांगला आहे, पण हातांचा भरवसा उरला नाही. १० एप्रिलला युरोपा लीगच्या उपांत्यपूर्व फेरीत ल्योंमध्ये पहिला गोल साध्या फ्री किकवर; चेंडू सगळ्यांना चुकवून टप्पा खात आत गेला. शेवटच्या मिनिटांत एक सोपा फटका त्याने समोरच परतवला आणि शेर्कीने बरोबरी साधली. पुढच्या सामन्यात न्यूकॅसलला दुसरा गोलरक्षक बायंदिर खेळला, तिथेही चार गोल बसले. म्हणजे गोलरक्षक बदलून प्रश्न पूर्ण सुटत नव्हता, पण ही जागा भरल्याशिवायही तो सुटणार नव्हता.

स्ट्रायकरकडे तर आकडेच बोलतात. होयलुंड ६.४ कोटी पौंड मूळ किमतीत आला आणि ३२ लीग सामन्यांत ४ गोल. झिर्कझीचे ३. होयलुंड मोकळ्या जागेत धावून चेंडू घेणारा मुलगा आहे, आणि या संघात त्याला बहुतेक वेळ गोलकडे पाठ करून, अंगावर दणकट सेंटर-बॅक घेऊन चेंडू धरायला लावलं. चेंडू त्याच्या पायात टिकला नाही की मधल्या दोघांच्या पाठीमागून पुन्हा प्रतिहल्ला. याच हंगामात युनायटेडच्या अकादमीत घडलेल्या मॅकटॉमिनेने नापोलीसाठी १२ लीग गोल केले, इटलीची लीग जिंकली आणि तिथला सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्याला सुमारे अडीच कोटी पौंडांना विकलं होतं. का विकलं याचं उत्तर हिशेबात आहे. बाहेरून घेतलेल्या खेळाडूची किंमत कराराच्या वर्षांत विभागून खर्ची पडते, म्हणून तो विकला तरी उरलेली किंमत वजा होते. अकादमीत घडलेल्याची किंमत खात्यात शून्य, त्यामुळे विक्रीची जवळजवळ सगळी रक्कम नफा दिसते. २०२३-२४ मध्ये क्लबला ११.३२ कोटी पौंडांचा तोटा झाला, आणि लीगच्या तेव्हाच्या नियमानुसार तीन वर्षांत, काही खर्च वगळून, तोट्याची मर्यादा १०.५ कोटींची होती. महाग आणि चुकलेल्या खरेदीची भरपाई घरच्या पोरांना विकून करावी लागते. मेनू आणि गार्नाचोची नावं त्या हंगामात सतत बाजारात येत होती ती याचमुळे, आणि माझ्या मते मेनूला विकणं ही या सगळ्या चुकांवरची कडी ठरेल.

चांगलं काय? ब्रुनो फर्नांडिस. दहा नंबर म्हणून, मागे मध्यात म्हणून, कुठेही लावा. लीगमध्ये ८ गोल आणि १० असिस्ट (गोलसाठी दिलेले पास). २६ डिसेंबरचं लाल कार्ड वगळता त्याच्याकडे बोट दाखवता येत नाही. साउदॅम्प्टनविरुद्ध आमादने शेवटच्या बारा-तेरा मिनिटांत केलेली हॅटट्रिक. आणि १७ एप्रिलचा ल्योंविरुद्धचा परतीचा सामना: २-० वरून २-४ असे मागे, आणि मग ११४ व्या मिनिटापासून ब्रुनो, मेनू, मॅग्वायर असे तीन गोल. आपल्याकडे तेव्हा पहाटेचे तीन वाजून गेले होते आणि महाराष्ट्रातल्या कित्येक घरांत कोणी झोपलं नसेल.

युरोपात संघ अंतिम सामन्यापर्यंत अपराजित होता. बिल्बाओच्याच सान मामेसवर उपांत्य फेरीत अ‍ॅथलेटिकला ३-० हरवलं, आणि त्याच मैदानावर २१ मे रोजी टॉटनहॅमकडून १-०. बेचाळिसाव्या मिनिटाला ब्रेनन जॉन्सनचा गोल. होयलुंडचा हेडर गोलरेषेवरून व्हॅन डे व्हेनने हवेत झेपावून काढला, बाकी चेंडू बहुतेक वेळ युनायटेडकडेच आणि धार कुठेच नाही. त्या हंगामात टॉटनहॅमने चार सामन्यांत चारदा हरवलं, आणि ते स्वतः लीगमध्ये सतरावे होते.

भारतातून पाहणाऱ्यांसाठी: या हंगामात लीग हॉटस्टारवर होती, युरोपा सोनी लिव्हवर, म्हणजे दोन वर्गण्या. हिवाळ्यात तिकडच्या रात्री आठचा सामना आपल्याकडे दीडला सुरू होतो, मार्चअखेरीस तिकडची घड्याळं पुढे गेली की साडेबाराला. २०२५-२६ मध्ये युरोप नव्हतं, त्यामुळे दुसरी वर्गणी फक्त युनायटेडसाठी घेण्याची गरज नव्हती.

युरोप नसल्याने आमोरिमला आठवडाभर सराव मिळणार होता, ती सबब संपली होती. कुन्या २०२५ च्या उन्हाळ्यात ६.२५ कोटी पौंडांना आला, तो दहा नंबरच्या जागेला चपखल बसतो. पण बजेट मर्यादित असेल तर तेव्हा माझा क्रम असा होता: आधी गोलरक्षक, मग धावणारा मध्यरक्षक, मग चेंडू धरणारा स्ट्रायकर. आघाडीवर पैसे ओतून मध्यात पुन्हा दोघंच दमलेले राहिले, तर न्यूकॅसलविरुद्धची पुढची मॅचही ३० डिसेंबरसारखीच जाईल.