जुन्या पिकअपला बटणावर हलणारी सीट: आठ महिन्यांनंतर

माझा पिकअप २०११ चा. पहाटे तीनला ऐरोलीतून निघायचं, तुर्भ्याला एपीएमसीत भाजी भरायची, ठाणे-बेलापूर रोडने विटाव्यावरून ठाण्यात शिरायचं आणि वागळे इस्टेटमधल्या कॅन्टीनना माल टाकायचा, हा धंदा. ड्रायव्हर सीटचा फोम कधीच बसला होता. मधोमध खड्डा, त्यात स्प्रिंग, आणि स्प्रिंगवर दुमडलेलं गोणपाट. कंबर धरली, एमआरआय झाला, कमरेच्या एल-४ आणि एल-५ या मणक्यांमधली गादी सरकलेली निघाली. डॉक्टर म्हणाले गाडी कमी चालवा. ते जमण्यासारखं नव्हतं, म्हणून सीट बदलली.

नवीन सीट परवडत नव्हती. कुर्ल्याला सीएसटी रोडवर जुन्या मालाच्या दुकानांत दोन रविवार घालवले आणि ठोकलेल्या एका सेदानच्या पुढच्या दोन बकेट सीट मिळाल्या. आतून मोटरवर चालणाऱ्या: पुढे-मागे, वर-खाली, बैठकीची पुढची कड उचलणं आणि पाठ कलणं. मला एकच हवी होती. दुकानदार ढिम्म: "जोडी ही जाएगी, सिंगल नहीं।" बावीस हजारांवरून चौदावर आला, जोडीवरून हलला नाही.

घेताना एक शहाणपण केलं. घरची बारा व्होल्टची बॅटरी आणि दोन क्लिपा बरोबर नेल्या. सीटखाली दोन जाड वायरी असतात, करंट आणि अर्थ. त्यांना बॅटरी लावून प्रत्येक मोटर दोन्ही दिशांना शेवटपर्यंत चालवून बघितली. एका सीटची पाठ रडत होती, ती जोडी बाजूला ठेवून दुसरी काढायला लावली. मेमरीवाली सीट मुद्दाम टाळली. साध्या सीटमध्ये बटण मोटरला सरळ करंट देतं, उलट दाबलं की करंट उलटा होतो, बास. मेमरीवालीत मध्ये एक कंट्रोलर बसलेला असतो, आणि काहींचा कंट्रोलर मूळ गाडीच्या कॉम्प्युटरशी बोलल्याशिवाय जागचा हलत नाही. आणि पिवळा कपलर, म्हणजे वायरी जोडायचा प्लग, दिसला की ती एअरबॅगची वायर. आत बारूद असते, तिथे ना बॅटरी लावायची ना मीटर. मी बाजूची एअरबॅग आधीच काढलेली जोडी घेतली.

खरं काम बसवण्यात आहे. लोक विचारतात सीट कुठली. विचारायला पाहिजे खालचा स्टँड कोणी केला आणि कसा. जुनी सीट पत्र्याच्या उंच खोक्यावर होती. नवीन सीटच्या बुडात मोटर आणि गिअर असल्यामुळे ती मुळातच जाड. खोक्यावर ठेवून बसलो तर डोकं टपाला आणि मांड्या स्टिअरिंगला. खोकं काढावंच लागलं. दुसरी भानगड म्हणजे सेदानच्या सीटचे पुढचे-मागचे पाय एका उंचीचे नव्हते, तिथली फरशी तशीच असते. पिकअपची फरशी वेगळी. फॅब्रिकेटर म्हणाला, वॉशर घालून लेव्हल करू. मी म्हटलं, वॉशरच्या चळतीवर मी बसणार नाही. शेवटी तीन एमएम जाडीच्या चाळीस बाय चाळीस चौकोनी पाइपचा स्टँड केला, फरशीखालून प्रत्येक बोल्टला हाताच्या तळव्याएवढी जाड प्लेट दिली, म्हणजे धक्का बसला तर बोल्ट पत्रा फाडून वर येणार नाही. बोल्ट ८.८ ग्रेडचे, डोक्यावर आकडा कोरलेले. वेल्डिंग करण्याआधी सीट विटांवर ठेवून दोन तास नुसता बसून बघितलं: क्लच पूर्ण दाबला जातो का, पाचव्या गिअरला हात पोचतो का, हँडब्रेक ओढताना सीटची कड बोटांना लागते का. लागत होती. स्टँड दाराकडे दोन बोटं सरकवला.

बेल्टबद्दल फॅब्रिकेटरशी वाद झाला. आजच्या बऱ्याच गाड्यांत बेल्टचं बक्कल सीटलाच जोडलेलं असतं, म्हणजे टक्कर झाली की माणसाचा बराच भार सीटच्या बोल्टांवर. कंपनी ते तपासून बनवते, आमचा स्टँड कोणी तपासला? त्यामुळे सीटवरचं बक्कल काढून टाकलं आणि पिकअपचा मूळ बेल्ट, फरशीला बोल्ट केलेल्या मूळ बक्कलासकट, तसाच ठेवला. सीट पूर्ण पुढे घेतली की बक्कल थोडं मागे राहतं. चालतं.

वायरिंग सोपं. बॅटरीवरून थेट चार स्क्वेअर एमएमची वायर, बॅटरीच्या अगदी जवळ तीस अँपिअरचा फ्यूज, पत्र्यातून जाते तिथे रबरी ग्रोमेट. फ्यूज सीटजवळ लावला तर मधे वायर घासून शॉर्ट झाल्यावर त्याचा उपयोग शून्य.

आणि इतकं सगळं करून मी सीटच्या वायरीचा कपलर ठेवला फरशीवर, मॅटखाली.

जुलैत विटाव्याला रेल्वे पुलाखाली पाणी भरलं होतं, त्यातून गाडी काढली. दाराच्या रबरातून पाणी आत आलं, पुसलं, विसरलो. पंधरा-वीस दिवसांनी पहाटे तीनला दार उघडलं तर सीट स्टिअरिंगला चिकटलेली. आदल्या दिवशी धाकट्या भावाने गाडी चालवली होती. तो पाच फूट दोन, मी पाच अकरा. बटण दाबलं, टकटक नाही, काही नाही. सीट खोलावी तर पुढचे बोल्ट सीटखाली गेलेले, आणि सीट मागे घेतल्याशिवाय ते दिसत नाहीत. माल तर उचलायचाच होता. गुडघे स्टिअरिंगच्या दोन्ही बाजूंना फाकवून तुर्भ्यापर्यंत गेलो. डावीकडे वळताना स्टिअरिंग गुडघ्यावर आपटायचं. मार्केटमध्ये मोबाइलच्या उजेडात कपलर उघडला तर आत हिरवी पूड. पिना खरवडल्या, सीट मागे आली. आता कपलर सीटच्या फ्रेमला वर बांधलाय आणि आत ग्रीस भरलंय. चूक सर्वस्वी माझी.

एवढं सोडलं तर कमरेला फरक आहे, आणि तो मला वाटला होता तिथे नाही. पाठीत कमरेला आधार द्यायला एक फुगा आहे, त्याचं मोठं कौतुक होतं, तो मी दोनदा फुगवला. रोज वापरतो ते बैठकीची पुढची कड उचलायचं बटण. कळवा नाक्यावर अडकलो की कड जराशी वर घ्यायची, मांडीला आधार मिळतो. पुढच्या सिग्नलला पाठ दोन अंश मागे. एकाच पोझमध्ये दोन तास बसणं थांबलं, हाच इलाज. भाऊ आणि मी आलटून-पालटून चालवतो, त्यालाही उशी घेऊन बसावं लागत नाही. पण चाकांवरचे पाटे, म्हणजे धक्का झेलणाऱ्या स्प्रिंगच्या पट्ट्या, तेच आहेत. रिकामी गाडी घोडबंदरला गायमुखच्या खड्ड्यांत पूर्वीइतकीच उडते, सीट काय करणार.

बकेट सीटच्या उंच कडा माझ्या धंद्याला सोयीच्या नाहीत. दिवसात तीस-चाळीस वेळा चढ-उतार, प्रत्येक वेळी दाराकडच्या कडेवरून घासत उतरायचं. पाचव्या महिन्यात तिथलं लेदर फाटलं. कोपरखैरण्याच्या कुशनवाल्याने नऊशे रुपयांत जाड रेक्झिनचा तुकडा शिवला, दिसायला ठिगळ. मे महिन्यात लेदरवर पाठ भिजून निघते, म्हणून वर सुती चादर. कांद्याची माती रुळातल्या ग्रीसमध्ये बसून सीट करकरायला लागते, महिन्यातून एकदा ब्रशने काढतो.

खर्च: जोडी चौदा हजार, स्टँड साडेतीन, वायरिंग अठराशे.

दुसरी सीट गाडीत लावलीच नाही. आरसीवर तीन माणसं आहेत, शेजारच्या बाकड्यावर दोन हमाल बसतात. बकेट लावली तर एक माणूस कमी, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीच्या तपशिलाशी न जुळणारा बदल करता येत नाही. करायच्या आधी आरटीओत विचारा आणि इन्शुरन्सवाल्यांना लेखी कळवा. मी कळवलं होतं. गाडी आठ वर्षांपुढची असल्याने पासिंग दरवर्षी असतं, या वेळचं झालं.

ती सीट गोडाऊनमध्ये लाकडी चौकटीवर ठोकलीय, जुन्या बॅटरीला जोडून. वजनकाट्याशेजारी आबा तिच्यावर बसतात. गिऱ्हाईक भाव पाडायला लागलं की बटण दाबून हळूहळू मागे कलतात. नऊ हजाराला मागणी आली होती, आबा उठायला तयार नाहीत.