महारेराचा एजंट प्रशिक्षण वर्ग : नोकरी सोडण्याआधी करण्याजोगा

चाळिशी ओलांडलेल्या, पगारदार नोकरीत स्थिरावलेल्या आणि तरीही निवृत्तीपर्यंत हेच करत राहायचे का, अशा विचारात पडलेल्या माणसांसमोर मालमत्ता व्यवहारांतील मध्यस्थीचा पर्याय हमखास येतो. भांडवल फारसे लागत नाही, विशिष्ट पदवीची अट नाही, आणि पुण्यासारख्या शहरात ओळखीतले कोणी ना कोणी घर शोधतच असते. मी पिंपरी-चिंचवडमधील एका कारखान्याच्या खरेदी विभागात काम करतो. पुरवठादारांशी दर ठरवणे, करारातील अटी वाचणे आणि दोन्ही बाजूंना पटेल असा मध्य काढणे हे माझे रोजचेच काम असल्यामुळे हा व्यवसाय आपल्याला जमेल, असे मला बरेच दिवस वाटत होते. त्या वाटण्याची पारख करावी म्हणून मी पुण्यातील एका संस्थेत महारेराने (महाराष्ट्र स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाने) ठरवून दिलेला 20 तासांचा प्रशिक्षण वर्ग पूर्ण केला आणि त्यापुढची परीक्षाही दिली. संस्थेचे नाव येथे देत नाही, कारण काही तक्रारीही मांडायच्या आहेत. शिवाय अभ्यासक्रम सर्वत्र एकच असल्यामुळे यातील बहुतेक गोष्टी दुसऱ्या कोणत्याही वर्गाला लागू पडाव्यात.

हा वर्ग करावाच का लागतो, हे आधी सांगतो. स्थावर संपदा कायदा (रेरा) 2016 चा असून त्यातील एजंटांविषयीच्या तरतुदी 1 मे 2017 पासून अमलात आल्या. त्या वेळी महाराष्ट्रात अर्ज आणि शुल्क भरले की एजंट म्हणून नोंदणी होत असे. जानेवारी 2023 मध्ये महारेराने आदेश काढून प्रशिक्षण आणि सक्षमता प्रमाणपत्र बंधनकारक केले. नव्या अर्जदारांना ही अट 1 मे 2023 पासून लागू झाली, तर आधीपासून नोंदणी असलेल्यांना मुदत वाढवत 1 जानेवारी 2024 पर्यंत वेळ देण्यात आला. पुढे प्रमाणपत्र न घेतलेल्या हजारो एजंटांची नोंदणी महारेराने स्थगित केली, यावरून ही अट केवळ कागदावरची नाही हे दिसते. व्यक्तीसाठी नोंदणीचे शुल्क 10,000 रुपये आहे आणि नोंदणी पाच वर्षे चालते. नोंदणीशिवाय महारेराकडे नोंदलेल्या प्रकल्पातील घर विकायला मदत केल्यास रोज 10,000 रुपये, आणि एकूण सदनिकेच्या किमतीच्या 5 टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो.

पहिले सत्र कायद्याचे होते. कलमे वाचून दाखवली जातील आणि आपण माना डोलावत राहू, अशी भीती होती. प्रत्यक्षात प्रशिक्षकांनी कायदा उदाहरणांतून शिकवला. त्यांनी फळ्यावर दोन शयनगृहांच्या सदनिकेचा नकाशा काढला आणि चटई क्षेत्रात (कार्पेट एरियात) काय येते ते प्रत्येकाला वहीत रंगवायला सांगितले. वर्गात दहा-दहा वर्षे या धंद्यात असलेले मध्यस्थ होते, तरीही जवळपास सर्वांनी बाल्कनी रंगवली. कायद्याच्या व्याख्येनुसार घराच्या आतील भिंतींखालची जागा चटई क्षेत्रात धरतात; बाहेरच्या भिंती, सेवा-वाहिन्यांची जागा, सदनिकेची स्वतंत्र बाल्कनी आणि खुली गच्ची धरत नाहीत. ग्राहकाला ‘इतके चौरस फूट कार्पेट’ असे सांगणारा माणूस हा फरक जाणत नसेल तर त्या ग्राहकाचे नुकसान काही लाखांत जाते, हे प्रशिक्षकांनी तिथल्या तिथे दर लावून दाखवले. करारनामा नोंदवण्यापूर्वी विकासकाला किमतीच्या 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, ग्राहकांकडून आलेल्या पैशांपैकी 70 टक्के रक्कम वेगळ्या खात्यात ठेवावी लागते आणि ती कामाच्या प्रगतीनुसार अभियंता, वास्तुविशारद आणि सनदी लेखापाल यांच्या प्रमाणपत्रांवरच काढता येते, ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला तर तो विकासकाने स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो, या तरतुदींची चर्चाही अशीच हिशेबानिशी झाली.

मात्र या वर्गाची खरी किंमत वसूल झाली ती कागदपत्रांच्या सत्रात. हे सत्र महसूल खात्यातून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी घेतले. त्यांनी नावे झाकलेल्या सातबारा उताऱ्याच्या प्रती वाटल्या आणि प्रश्न एकच विचारला: ही जमीन तुम्ही ग्राहकाला दाखवाल का? बहुतेकांची नजर मालकाचे नाव आणि क्षेत्र यांवर गेली. त्यांनी बोट ठेवले ते इतर हक्कांच्या रकान्यावर. तिथे एका सहकारी संस्थेचा बोजा होता, विहिरीत दुसऱ्या खातेदाराचा हिस्सा होता आणि त्याखाली ‘कुळकायदा कलम 43 च्या बंधनास पात्र’ अशी एक ओळ होती. कुळाने कायद्याने विकत घेतलेली जमीन पुढे विकताना पूर्वी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागत असे; 2014 च्या दुरुस्तीनंतर, खरेदीचे प्रमाणपत्र मिळून दहा वर्षे झाली असल्यास शेतसाऱ्याच्या 40 पट नजराणा (सरकारला द्यायची रक्कम) भरून ती ठरावीक अटींवर विकता येते. ती एक ओळ नजरेतून सुटली तर ग्राहकाचा विसार अडकतो आणि व्यवहार वर्षभर लोंबकळतो. त्यानंतर भोगवटादार वर्ग 1 (मुक्तपणे विकता येणारी जमीन) आणि वर्ग 2 (विकण्यावर शासनाची बंधने असलेली जमीन) यांतील फरक, फेरफार (हक्कबदलाची नोंद) क्रमांकावरून मागचा इतिहास कसा काढायचा, शहरात सातबाऱ्याऐवजी मिळकत पत्रिका कुठे पाहायची, आणि नुसता पाहण्यासाठीचा मोफत उतारा व 15 रुपयांत मिळणारा डिजिटल स्वाक्षरीचा उतारा यांपैकी कोणता कुठे चालतो, हे सर्व त्यांनी न थकता सांगितले. प्रश्न विचारणाऱ्याला त्यांनी एकदाही घाईत उत्तर दिले नाही. इतक्या तळमळीने शिकवणारा माणूस वर्गाला मिळणे हे मोठे भाग्य, असे मला मनापासून वाटते.

त्याच दुपारी आम्हाला मोबाइलवर महारेराचे संकेतस्थळ उघडायला लावले.  आपापल्या घराजवळचा एक प्रकल्प शोधून त्याची मूळ पूर्णत्वाची तारीख, सुधारित तारीख, विकल्या गेलेल्या सदनिका आणि प्रकल्पावरील बोजे किंवा खटले आम्ही वहीत उतरवले. मी निवडलेल्या प्रकल्पाच्या जाहिरातीचे फलक रोज कामावर जाताना पाहत होतो; त्याची मुदत आधी वाढवून घेतलेली आहे, हे मात्र त्या दुपारी पहिल्यांदा कळले. ऑगस्ट 2023 पासून प्रकल्पाच्या जाहिरातीत क्यूआर कोड बंधनकारक असल्यामुळे ही माहिती आता सामान्य ग्राहकही काही क्षणांत पाहू शकतो. अशा ग्राहकासमोर केवळ गोड बोलणारा मध्यस्थ टिकणार नाही, आणि माझ्यासारख्या कागद वाचण्याची सवय असलेल्या माणसाला या व्यवसायात जागा आहे, ही आशा मला याच सत्राने दिली.

आता तक्रारी. वर्गाच्या जाहिरातीतील ‘20 तासांत परवानाधारक एजंट व्हा’ हे वाक्य दिशाभूल करणारे आहे. 20 तास संपल्यावर मिळते ते केवळ प्रशिक्षण पूर्ण केल्याचे प्रमाणपत्र. त्यानंतर वेगळे शुल्क भरून ऑनलाइन परीक्षा द्यायची, ती उत्तीर्ण झाल्यावर सक्षमता प्रमाणपत्र घ्यायचे आणि मग महारेराकडे नोंदणीचा अर्ज करायचा, असा पुढचा प्रवास असतो. वर्गाच्या शुल्कात पुस्तिका आणि सराव प्रश्नसंच धरलेला होता, परीक्षेचे आणि नोंदणीचे पैसे धरलेले नव्हते, आणि ही गोष्ट पैसे भरण्यापूर्वी कोणीही स्पष्ट केली नाही. सराव प्रश्नसंच फक्त इंग्रजीत होता. माझे अडले नाही. परंतु माझ्या शेजारी बसणाऱ्या, दीर्घकाळ किराणा दुकान चालवलेल्या आणि व्यवहारात माझ्याहून कितीतरी हुशार असलेल्या गृहस्थांना प्रत्येक प्रश्नासाठी मुलीची मदत घ्यावी लागली. मराठी भाषकांसाठी पुण्यात भरणाऱ्या वर्गाला हे शोभत नाही.

याहून गंभीर उणीव उत्पन्नाविषयीची आहे. व्यवसाय बदलू पाहणाऱ्या माणसाचा पहिला प्रश्न घर कसे चालेल हा असतो, आणि त्याला सर्वांत शेवटी, सगळे आवराआवरीच्या घाईत असताना, जेमतेम अर्धा तास मिळाला. दलालीचा दर कायद्याने ठरवलेला नाही. 70 लाखांच्या सदनिकेवर विकासकाकडून 2 टक्के ठरले तर आकडा 1 लाख 40 हजार रुपयांचा होतो आणि तो ऐकून वर्गात अनेकांचे चेहरे खुलले. पण ते पैसे हातात कधी येतात, हे मधल्या सुटीत अनुभवी सहाध्यायींनी सांगितले: करारनाम्याची नोंदणी व्हावी लागते, ग्राहकाचे ठरावीक हप्ते जमा व्हावे लागतात, मग बिल द्यायचे आणि त्यानंतर विकासकाच्या सवडीने वाट पाहायची. ग्राहकाने मधेच घराचे बुकिंग रद्द केले तर काहीच मिळत नाही. दलालीवरील उद्गम करकपात (टीडीएस) ऑक्टोबर 2024 पासून 5 टक्क्यांवरून 2 टक्क्यांवर आली, ही दिलाशाची बाब. मात्र वार्षिक उलाढाल 20 लाखांच्या वर गेली की 18 टक्के जीएसटीची नोंदणी आणि हिशेब आलेच. पेट्रोल, फोन, जाहिरात-संकेतस्थळांची वर्गणी आणि रिकाम्या खेपा हा सगळा खर्च पहिल्या महिन्यापासून सुरू होतो. निदान वर्षभराचा घरखर्च आणि गृहकर्जाचा हप्ता बाजूला काढल्याशिवाय कोणीही यात उडी घेऊ नये, असे तिघा-चौघांनी आपणहून सांगितले, आणि हे वाक्य व्यासपीठावरून यायला हवे होते.

भाड्याच्या व्यवहारांकडेही वर्गाने जवळपास दुर्लक्ष केले. अभ्यासक्रम महारेराचा असल्याने भर नव्या प्रकल्पांवर असणार, हे समजण्यासारखे आहे. तथापि नवख्या माणसाचे पहिले उत्पन्न बहुधा भाड्याच्या घरांतूनच येते, आणि त्या कामाला महारेराची नोंदणी लागत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 55 नुसार भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, रजा व परवाना (लिव्ह अँड लायसन्स) करारावर एकूण भाडे आणि अनामत रकमेवरील 10 टक्के दराचे व्याज यांच्या बेरजेवर 0.25 टक्के मुद्रांक शुल्क पडते, महापालिका हद्दीत नोंदणी शुल्क 1,000 रुपये आहे आणि हे सर्व घरबसल्या ऑनलाइन करता येते. एवढी माहिती दोन तासांत उत्तम शिकवता आली असती आणि ती दुसऱ्या दिवसापासून उपयोगी पडली असती.

तुलनेसाठी सांगतो: याच काळात मी म्युच्युअल फंड वितरक होण्याचाही विचार केला होता. त्यासाठी सेबीच्या रोखे बाजार प्रशिक्षण संस्थेची, म्हणजे एनआयएसएमची, ठरावीक परीक्षा उत्तीर्ण होऊन म्युच्युअल फंड कंपन्यांची संघटना असलेल्या अ‍ॅम्फीकडे नोंदणी करावी लागते. तिथे उत्पन्न थेंबाथेंबाने, गुंतवणूक टिकेल तोवर येत राहते. घरांच्या व्यवहारात ते एकदम येते आणि पुढचे कधी येईल ते सांगता येत नाही. नोकरी चालू ठेवून संध्याकाळी थोडे थोडे काम वाढवायचे असेल त्याला म्युच्युअल फंडाचा मार्ग सोयीचा आहे. घरे दाखवण्याचे काम शनिवार-रविवारी जास्त असले तरी विकासकाची कार्यालये, दुय्यम निबंधक कार्यालय आणि बँक यांच्या खेपा कामाच्या दिवसांतच पडतात, त्यामुळे नोकरी सांभाळून हा व्यवसाय पूर्ण ताकदीने करता येईल असे मला वाटत नाही.

मी परीक्षा उत्तीर्ण झालो आहे. नोंदणीचा अर्ज मात्र अजून केलेला नाही. वर्षभराची शिल्लक जमेपर्यंत नोकरी चालू ठेवायची आणि तोवर सुटीच्या दिवशी एका परिचित मध्यस्थाबरोबर भाड्याच्या घरांची कामे पाहायची, असे घरच्यांशी बोलून ठरवले आहे. या निर्णयाला आधार देणारी माहिती वर्गाने दिली, म्हणून पाचपैकी साडेतीन गुण देतो, आणि कागदपत्रांच्या सत्राला स्वतंत्रपणे पाचपैकी पाच. ज्यांना पुढे एजंट व्हायचे नाही, पण आयुष्यातले पहिले घर किंवा गावाकडची जमीन घ्यायची आहे, त्यांनीही तेवढ्या सत्रासाठी हा वर्ग करावा. प्रवेश घेताना संस्थेचे नाव महारेराच्या संकेतस्थळावरील मान्यताप्राप्त प्रशिक्षण संस्थांच्या यादीत आहे का ते स्वतः तपासावे, परीक्षा शुल्काविषयी लेखी उत्तर घ्यावे, मराठी प्रश्नसंच मिळेल का ते विचारावे आणि सातबारा कोण शिकवणार आहे, याची आवर्जून चौकशी करावी.