गिअरबॉक्सचा बाहेरचा फिल्टर: माल चांगला, सोबतचे क्लॅम्प टाकाऊ

ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल कूलरला जाऊन गार होऊन परत येतं, त्या पाइपात बसवायच्या या फिल्टरला साडेचार स्टार द्यायचं मनात होतं. साडेतीनच देतोय. कापलेला एक स्टार पूर्णपणे डब्यातल्या त्या दोन क्लॅम्पच्या (पाइप आवळायच्या पट्ट्या) नावावर.

उन्हाळा लागला तशी अंडरकव्हरवर, म्हणजे इंजिनखालच्या झाकणावर, लालसर ओल दिसू लागली. थेंब पडत नव्हता. पाइपाच्या टोकाशी तेल पाझरून त्यावर धुळीचा थर बसला होता. फिल्टर ठणठणीत, पाझर क्लॅम्पखालून. हे क्लॅम्प स्क्रूने आवळायचे, पट्टीला आरपार खाचा असलेले. आवळले की रबर त्या खाचांतून वर येतं आणि खाचांच्या कडा ते कापतात. शिवाय तापून-गार होऊन रबर दबतं, पण स्क्रूचा क्लॅम्प जिथे आवळला तिथेच राहतो, रबराच्या मागे जात नाही. डिसेंबरच्या पहाटे १० अंश, मे महिन्याच्या दुपारी ४५, त्यात बॉनेटखालची आच. नागपुरात रबराचे हाल विचारू नका. मूळ पाइपांवर स्प्रिंगचे क्लॅम्प असतात ते उगाच नाही. रबर दबलं की स्प्रिंगही तेवढीच आत येते.

एवढ्याशा क्लॅम्पवर एवढा राग काहून? कारण इथे पाइप निसटला तर पंप गिअरबॉक्समधलं तेल बघता बघता रस्त्यावर ओततो. आधी गिअर पडताना इंजिन नुसतं रेस होतं, मग क्लच प्लेटा जळतात. तेल तापलेल्या सायलेन्सरवर पडलं तर आगीचीही भीती. फिल्टरसाठी हजारांत पैसे घेणाऱ्याने शंभर रुपयांच्या आतले दोन चांगले क्लॅम्प द्यायला हात आखडावा, हे काही पचत नाही.

आता फिल्टरबद्दल. गिअरबॉक्स सहा गिअरचा, टॉर्क कन्व्हर्टरवाला (इंजिनची ताकद तेलातून पुढे देणारा ऑटोमॅटिक). आतला फिल्टर केसिंग खोलल्याशिवाय हाती लागत नाही, म्हणून बाहेरच्याला अर्थ. पाइपात बसणारा, आत कागद आणि लोहचुंबक, शिवाय बायपास व्हॉल्व्ह. कागद चोंदला किंवा थंडीत तेल घट्ट झालं की बायपास उघडतो आणि तेलाचा प्रवाह चालू राहतो. हा व्हॉल्व्ह नसलेलं काही लावू नका. काही गॅरेजमध्ये स्वस्तात पेट्रोलचा फिल्टर बसवून देतात. तो चोंदला की कूलरचा प्रवाह अडतो, आणि बऱ्याच गिअरबॉक्समध्ये कूलरमधून परतणारं तेलच बेअरिंग आणि गिअरच्या वंगणाला जातं. वाचवलेले पैसे कुठे जातील ते सांगायला नको.

फिल्टर रिटर्न लाइनवरच (कूलरमधून तेल परत आणणाऱ्या पाइपावर) बसवायचा, म्हणजे कूलरमधली घाणही परत आत जात नाही. रिटर्न ओळखायला गाडी थंड असताना सुरू करा: आधी गरम होतो तो जाणारा पाइप, मागाहून गरम होतो तो येणारा. खात्री करायची असेल तर पाइप काढून दोन्ही तोंडं बाटल्यांत धरा आणि इंजिन दोन सेकंद चालवा. कूलरच्या बाजूने तेल आलं तर तो पाइप रिटर्नचा. फिल्टरवरचा बाण गिअरबॉक्सकडे.

पाइप कापण्याआधी व्यास व्हर्नियरने मोजा. ५/१६ आणि ३/८ इंच यांत दीडच मिलिमीटरचा फरक, पण सैल बसलेला पाइप कोणताच क्लॅम्प धरत नाही. नवा पाइप ट्रान्समिशन ऑइल कूलरचाच घ्यायचा, त्यावर एसएई जे१५३२ छापलेलं असतं. नागपुरात घाट रोडच्या दुकानांत मागितलात तर आधी पेट्रोलचा पाइप पुढे येईल. गिअरबॉक्सच्या गरम तेलात तो कडक होऊन तडकतो. रेडिएटरच्या पाण्याचा तर अजिबात नको, ते रबर तेलात फुगतं. पाइप फिल्टरच्या तोंडावर इंचभर आत जायला हवा. क्लॅम्प तोंडावरच्या उंचवट्याच्या मागे, पाइपाच्या टोकापासून दोन-तीन मिलिमीटर सोडून. रिव्हर्स टाकला की इंजिन माउंटिंगवर हलतं, तेवढी ढील ठेवा. पाइप ताणून बसवला तर सगळा ओढा क्लॅम्पवर. (परत क्लॅम्पच!) आणि सायलेन्सर, पंखा यांपासून लांब.

सुरुवातीला मला वाटलं होतं की फिल्टर असल्यावर ऑइल बदलण्याची मुदत वाढवता येईल. सात लिटरच्या आसपास ऑइल लागतं, किंमत बघता मोह स्वाभाविक. पण जुना फिल्टर कापून पाहिल्यावर मत बदललं. (कापायला हॅकसॉ नको, बुरादा आत पडतो आणि काय गिअरबॉक्सचं, काय करवतीचं ते कळत नाही. पाइप कटर फिरवायचा.) चुंबकावर काळपट राखाडी लेप, बोटात चोळला तर काजळासारखा मऊ, कण लागत नाही. ही लोखंडाची झीज. ती एरवी सोलेनॉइड (तेलाची वाट उघडबंद करणारे विजेचे व्हॉल्व्ह) आणि स्पीड सेन्सरला जाऊन चिकटते. कागदाच्या घड्यांत मात्र क्लचच्या अस्तराची किंचित काळी भुकटी, बाकी कागद जवळपास स्वच्छ. म्हणजे पैसे वसूल करतो तो चुंबक. तेल मरतं ते मुख्यतः उष्णतेने, आणि फिल्टर म्हणजे कूलर नव्हे. सीताबर्डीची गर्दी किंवा चिखलदऱ्याचा घाट, तेल तापायचं तेवढं तापणारच. त्यामुळे ऑइलची मुदत होती तीच ठेवली. गिअर पडताना झटका बसत असेल तर तोही या फिल्टरने जाणार नाही.

फिल्टर आणि जादा पाइप मिळून पाव लिटरच्या आतच तेल धरतात, पण लेव्हल बघावीच लागते. इथे नागपूरकरांनी जपायचं. या गिअरबॉक्सची लेव्हल तेल ५० ते ६० अंशांवर असताना बघतात: गाडी सपाट, इंजिन आयडलवर, लिव्हर सगळ्या जागी फिरवून परत पी (पार्क) मध्ये, मग लेव्हलचा प्लग उघडून बारीक धार येते का पाहायचं. मे महिन्याच्या दुपारी बाहेर उभ्या गाडीचं तेल ४५ वरूनच सुरू होतं आणि जॅकवर गाडी सपाट करेपर्यंत ६० ओलांडतं. फुगलेलं तेल जास्त सांडतं आणि गार झाल्यावर लेव्हल कमी भरते. हे काम सकाळी लवकर उरकायचं, गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायच्या स्कॅनरवर तेलाचं तापमान बघत.

सध्या दोन्ही टोकांना स्प्रिंग क्लॅम्प आहेत, पाइपाचा बाहेरचा व्यास मोजून आणलेले. तेव्हापासून अंडरकव्हर कोरडं. डब्यातले क्लॅम्प वायपरच्या पाण्याच्या नळीला चालतील.

विकत घेण्याआधी गाडीखाली वाकून बघा. काही गाड्यांत कूलर गिअरबॉक्सलाच बोल्ट केलेला असतो आणि त्याला जाणारे दोन पाइप तेलाचे नसून कूलंटचे (रेडिएटरच्या पाण्याचे) असतात. तिथे हा फिल्टर बसवायला जागाच नाही. पाइप कापलात तर कूलंट अंगावर. एएमटी (ऑटोमेटेड मॅन्युअल) वाल्यांनीही पैसे घालवू नयेत. तो मॅन्युअल गिअरबॉक्सच, क्लच दाबायला आणि गिअर टाकायला मशीन लावलेलं. कूलरची लाइनच नसते. सीव्हीटीला (ठराविक गिअर नसलेला, पट्ट्यावर चालणारा ऑटोमॅटिक) पाइप असले तरी त्या गिअरबॉक्सचा स्वतःचा फिल्टर कुठे आहे ते आधी मॅन्युअलमध्ये बघा. गाडी वॉरंटीत असेल तर पाइप कापूच नका. पुढे गिअरबॉक्सचा क्लेम नाकारायला तेवढं कारण पुरतं.