कोर्तिनातच राहायचं की आल्ता बादियात?

इटलीतलं मिलान-कोर्तिना हिवाळी ऑलिम्पिक ६ ते २२ फेब्रुवारी २०२६, आणि त्याच दिवसांत स्कीइंगही करायचं असेल तर राहायचं कुठे हा खरा प्रश्न.

कोर्तिना या डोंगरातल्या गावात राहिलात तर बायकांच्या अल्पाइन रेसेस (उतारावरच्या स्की शर्यती), कर्लिंग (बर्फावर दगड सरकवायचा खेळ), बॉबस्ले (बर्फाच्या ट्रॅकवरची घसरगाडी) सगळं तिथेच, मॅच संपली की हॉटेलवर. पण रूमचे रेट बघून घाम फुटतो आणि ज्या तोफाना डोंगराच्या उतारावर रेस आहे तो आपल्याला मिळणारच नाही, शिवाय गावात रेल्वे स्टेशनच नाही, त्यामुळे सगळी गर्दी रस्त्यावर.

आल्ता बादिया म्हणजे फाल्झारेगो घाटाच्या (२१०५ मीटर) पलीकडचं खोरं. इथून सेला रोंदा, म्हणजे सेला पर्वताभोवतीची अख्खी प्रदक्षिणा, सरळ स्की घालून सुरू करता येते, कोर्तिनातून मात्र आधी बस पकडा मग पुढचं. आणि घाटाजवळच्या लागाझुओई डोंगरावरून खाली येणारी ती लांबलचक रन (स्कीचा उतार) तर सोडूच नका, शेवटी सपाट भाग लागतो तिथे चक्क घोडे दोरीने ओढत नेतात, दोरी घट्ट धरायची आणि पुढचा पडला की आपणही आडवे!

दोलोमिती सुपरस्कीचा (इथल्या स्की-भागांचा सामायिक) एकच पास दोन्हीकडे चालतो, तेवढं टेन्शन नाही.

रोज मॅच बघायची असेल तरच कोर्तिना. एखाद-दोन इव्हेंट आणि बाकी स्कीइंग असेल तर मी डोळे झाकून आल्ता बादिया म्हणेन, फक्त मॅचच्या दिवशी पहाटे निघा, बर्फ पडला की घाट बंद होऊ शकतो.