अभ्यासिका रिव्ह्यू (दारव्हा तालुका): रविवारच्या चर्चेसाठी तरी जॉईन कराच

बसस्टँडच्या मागे कृषी केंद्राच्या वर जी अभ्यासिका आहे तिच्याबद्दल बरेच जण विचारून राहिले म्हणून लिहितो. महिन्याचे ५०० रुपये, सकाळी सहा ते रात्री अकरा, टेबल स्वतंत्र, वायफाय ठीक. एवढं तर यवतमाळातही कुठंही मिळते. इथली खरी गोष्ट म्हणजे रविवारी संध्याकाळी सर चालू घडामोडींवर चर्चा घेतात, त्याचे वेगळे पैसे नाही.

मागच्या रविवारी विषय होता स्कॉटलंडची निवडणूक, ७ मे २०२६ ला तिथल्या संसदेसाठी मतदान. मागून एक पोट्टा बोललाच, सर एका मार्काच्या प्रश्नासाठी दोन तास काहून? सरांनी काही न बोलता बोर्डावर लिहिलं, १२९ जागा, ७३ थेट मतदारसंघातून, ५६ पक्षांच्या विभागवार यादीतून, मतदाराला दोन मतं, एक उमेदवाराला अन् एक पक्षाला. यादीच्या जागा वाटताना पक्षाची मतं अशा आकड्यानं भागायची की त्या विभागात आधीच जिंकलेल्या जागा अधिक एक. एका ताईला बोर्डावर बोलावलं, एक लाख मतं अन् नऊ जागा धरून भागायला लावलं, उरले दहा हजार, अन् बाजूच्या पक्षाची वीस हजार मतं, जागा एकही नाही, म्हणून वीसची वीस हजार तशीच राहिली, यादीची जागा त्याला! मग सांगितलं की २०२१ मध्ये एसएनपीनं (स्कॉटलंड वेगळा देश व्हावा म्हणणारा पक्ष) थेट ६२ जिंकल्या म्हणून यादीतून फक्त २ आल्या, एकूण ६४, बहुमत ६५ ला. गाईडमधून हे कधीच डोक्यात शिरलं नसतं.

खरी गरमागरमी पुढं झाली. २०१४ च्या सार्वमतात तिथं ५५ टक्के लोकांनी ब्रिटनमध्येच राहायचं ठरवलं, १६ वर्षांच्या पोरांनाही मत होतं. आता एसएनपीचे नेते जॉन स्विनी म्हणतात आमचे ६५ आले तर पुन्हा सार्वमत पाहिजे, पण ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टानं २०२२ लाच सांगितलं की लंडनच्या परवानगीशिवाय ते घेता येत नाही. इथं वेगळ्या विदर्भाचा विषय निघणारच होता. फाजल अली आयोगानं (राज्य पुनर्रचना आयोग) १९५५ ला वेगळ्या विदर्भाची शिफारस केलेली, तरी आपल्याकडे राज्यघटनेच्या कलम ३ प्रमाणे सगळं संसदेच्या हातात, विधानसभेचं फक्त मत विचारतात, लोकांचं तर तेही नाही. दोन्हीकडून पोट्टे तावातावानं बोलले, सरांनी प्रत्येकाले पुरावा मागितला, अन् स्वतः कोणत्या बाजूचे ते शेवटपर्यंत कळू दिलं नाही. मला हे फार आवडलं, कारण गावात ह्या विषयावर बोललं की लगेच तुम्ही कोणत्या पार्टीचे तेच विचारतात.

खेळाचा भाग थोडा घाईत झाला. १९९८ नंतर पहिल्यांदा स्कॉटलंडची पुरुष फुटबॉल टीम वर्ल्ड कपला चालली म्हणून तिथं १५ जूनला सुट्टी, त्यावर निवडणुकीच्या तोंडावर चर्चा होणारच. पण ग्लासगोच्या राष्ट्रकुल स्पर्धेवर, जी २३ जुलैपासून आहे, अजून वेळ द्यायला पाहिजे होता. आधी यजमान असलेल्या ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यानं खर्चापायी हात वर केले म्हणून ग्लासगोनं छोटी स्पर्धा घेतली, फक्त १० खेळ, त्यात कुस्ती नाही, हॉकी नाही, बॅडमिंटन नाही, नेमबाजी नाही. २०२२ ला आपले १२ च्या १२ पैलवान पदक घेऊन आले होते. आमच्यातला एक जण रोज पहाटे आखाड्यात जाते, तो एकदम गप्प बसला. २०३० ला अहमदाबाद आहे, तोपर्यंत ज्याचं वय निघून जाईल त्यानं काय करावं, ह्याच्यावर एक अख्खा रविवार घ्या सर.

तक्रारी दोन आहेत अन् दोन्ही गंभीर आहेत. लाईन गेली की इन्व्हर्टरवर फक्त पंखे चालतात, कूलर बंद, एप्रिलच्या दुपारी तिथं बसणं शक्य नाही. अन् मुलींसाठी वेगळं टॉयलेट नाही, त्यांना खाली स्टँडवर जावं लागते, म्हणून बऱ्याच जणी चर्चा अर्धी सोडून निघतात. ५०० घेता तर हे आधी करा, फी पन्नासनं वाढवली तरी चालेल. तोवर पाचपैकी चार स्टार.

नवीन येणाऱ्यांनी रविवारी साडेचारलाच यावं, नंतर खुर्ची मिळत नाही.